पडलेली मनगटं

माझ्या दोन्ही हातांची मनगटं चोविसाव्या वर्षी पडली. पडली म्हणजे तुटली नाहीत. हात पुढे केला की पंजा खाली लोंबायचा, आणि वर उचल म्हटलं तरी उचलायचा नाही. पायांचंही तेच. चालताना बोटं जमिनीला घासत, पायातली वहाण कुठे राहिली ते कळत नसे. आज मी छत्तीस वर्षांचा आहे. हात चालतात, पाय चालतात, आणि ज्यांचे चालत नाहीत त्यांच्याकडे जाणं हाच माझा धंदा आहे. अशा माणसांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचावं म्हणून हे लिहितो आहे. मला गोड लिहिता येणार नाही. बरा होऊन दहा वर्षं झाली तरी राग गेलेला नाही, आणि तो जावा म्हणून मी काही करतही नाही.

मी मुरूडच्या कोळीवाड्यातला. मराठी सातवी झालो. मास्तर म्हणाले होते, शाळेत मास्तर म्हणून लागशील. पण आमच्याकडची पुष्कळ माणसं मुंबईला जाऊन गोऱ्यांच्या आगबोटींवर खलाशी होत, तसा मीही झालो. महायुद्ध संपून सात-आठ वर्षं झाली होती, बोटी भरभरून चालत होत्या. दोन दोरांची टोकं एकमेकांत विणून सांधायची, की सांधा हाताला लागू नये, हे काम मला फार चांगलं यायचं. सारंग, म्हणजे आम्हा खलाशांचा मुकादम, अवघड सांधा आला की मलाच हाक मारायचा.

बोटीवर दोन्ही वेळा भात मिळे. गिरणीत घासून घासून पांढराशुभ्र केलेला तांदूळ. घरी आम्ही उकडा खाणारे, लालसर आणि जाडा. पहिल्या फेरीत तो पांढरा भात ताटात पडला तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघून हसलो होतो. कंपनी लग्नाचं जेवण घालते, असं वाटलं होतं.

*

तिसऱ्या फेरीत पाय जळायला लागले. मग जळायचे थांबले आणि बधिर झाले. उकिडवं बसलं की उठता येईना. आमच्यातला दिघीचा काशिनाथ अंगाने सुजत गेला. त्याला धाप लागायची. एका सकाळी तो उठलाच नाही. त्याला समुद्रात सोडला आणि कागदावर लिहिलं, हृदय बंद पडलं. हृदय सगळ्यांचंच शेवटी बंद पडतं.

मी बोटीवरच्या डॉक्टरकडे गेलो. गोरा, तरणा माणूस. त्याने माझ्या पोटरीत टाचणी खुपसली. मला काही लागलं नाही, म्हणून मी गप्प राहिलो. मग त्याने बोटांनी पोटरी दाबली, तेव्हा मी ओरडलो. टाचणी लागत नाही आणि बोट लागतं, हे पाहून त्याला हसू आलं. तो सारंगाला इंग्रजीत काहीतरी बोलला. सारंगाने मान खाली घातली.

"काय म्हणाला?" मी बाहेर आल्यावर विचारलं.

"नाटकं बंद कर म्हणतो. उद्यापासून कामावर."

दुसऱ्या दिवशी मला रंगाची बादली घेऊन शिडीवर चढवलं. पाचव्या पायरीवर हात सुटला. रंग आणि मी, दोघेही खाली आलो. त्यानंतर माझी मनगटं पुन्हा वर झाली नाहीत. मुंबई आल्यावर मला उतरवलं, माझी नळी माझ्या गळ्यात अडकवली आणि बोट दुसरी माणसं घेऊन निघून गेली. नळी म्हणजे खलाशाचा नोकरीचा दाखला. कागद भिजू नये म्हणून तो पत्र्याच्या नळीत ठेवतात, म्हणून त्यालाच नळी म्हणतात. कागद इंग्रजीत होता. मला वाचता येत नव्हता.

*

किनाऱ्याने जाणारी बोट मुरूडला धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात उभी राहते आणि पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, येऊन उतारूंना नेतात. शिडीवरून म्हाताऱ्या बायकाही उतरतात. मला मात्र दोघांनी काखेतून दोर घालून, मालाचं पोतं सोडतात तसं खाली सोडलं. पडावावरची माणसं माझ्याच वाडीतली होती. लहानपणी ज्यांच्याबरोबर मी पोहायला शिकलो ती. कोणी हसलं नाही. सगळे दुसरीकडे बघत राहिले.

घरी आईने दृष्ट काढली. भगत आला, अंगारा लावून गेला, कोंबडं घेऊन गेला. आई दिवसातून दहा वेळा माझ्या पायांवरून हात फिरवायची.

"पडून ऱ्हा, जना. हलू नको. अंगाला आराम पायजे."

तीन महिने मी पडून राहिलो. ज्याला त्याला वाटे की पडून राहण्यात औषध आहे. पाय बधिर होते ते थोडे जागे झाले, पोटऱ्यांचं दुखणं गेलं. पण हात तसेच, उलट बोटं आता आत वळून आखडायला लागली. माझी बायको चंद्रा मला भरवायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यातला बहुतेक काळ मी समुद्रावर होतो. आमची नीट ओळखही झाली नव्हती. ती घास करायची, मी तोंड उघडायचो. ती सकाळी मासळीची पाटी घेऊन बाहेर पडायची, त्याआधी मला परसाकडे न्यायची, धुवायची. ती काही बोलत नसे. ती बोलत नाही याचाही मला राग यायचा.

एके दिवशी रागाने मी ताट फेकायला गेलो. ताट फेकायलाही हात लागतात. माझ्या लोंबत्या पंजाने ते वीतभर सरकलं, एवढंच. चंद्राने ते परत जागेवर ओढलं आणि पुढचा घास केला.

भीतीबद्दल एवढंच सांगतो. सकाळी जाग आली की मी डोळे न उघडता आधी मनगट उचलून बघायचो. डोळे मिटलेले असताना रोज वाटायचं की उचललं गेलं. मग डोळे उघडायचे. तीन महिने, रोज.

*

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे मिशनचा एक लहान दवाखाना होता. बाजारातल्या कुणा बाईकडून चंद्राने त्याबद्दल ऐकलं. आई आडवी आली.

"मिशनवाले बाटवतील त्याला."

चंद्रा त्या दिवशी पहिल्यांदा सासूसमोर बोलली. "हात हालत न्हाय, पाय हालत न्हाय. बाटवून काय करतील त्यांचं? माझ्या भावाची होडी उद्या जाते हाय, मी घेऊन जाते."

दवाखान्याचे डॉक्टर नगरकडचे ख्रिस्ती गृहस्थ होते. पन्नाशीचे, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी मला जमिनीवर उकिडवं बसायला सांगितलं.

"आता उठ. हात टेकायचे नाहीत."

मला उठता आलं नाही. त्यांनीच उठवलं.

"बोटीवर काय खायचास?"

"भात."

"कसला?"

"पांढरा. चांगला होता, साहेब."

त्यांनी चष्मा काढला. "चांगला होता," ते म्हणाले. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि चंद्राला आत बोलावून तिच्यासमोर पुन्हा सांगितलं. या रोगाला बेरीबेरी म्हणतात. तांदूळ फार घासला की वरचा कोंडा जातो, आणि ज्याच्यामुळे हातापायांच्या नसा जगतात ते त्या कोंड्याबरोबर जातं. तोच तोच भात महिनोन्‌महिने खाल्ला की नसा मरायला लागतात. काशिनाथसारखा एखादा सुजून मरतो. घरी येऊन मी उकडा भात, नाचणीची भाकर, मासळी खायला लागलो तिथेच रोग थांबला होता.

"म्हणजे मी तीन महिन्यांपूर्वीच बरा झालो?"

"रोग थांबला. हात मात्र पडून पडून आखडले. ते कुणीतरी आधीच चालवायला हवे होते."

मी विचारलं, "हे कोंड्याचं कुणालाच माहीत नव्हतं का?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुस्तकात आहे. मी शिकत होतो तेव्हाही होतं."

मी त्या खोलीत काय केलं ते आठवत नाही. चंद्रा सांगते की मी भिंतीवर डोकं आपटत होतो, हळूहळू, दार वाजवतात तसं. मला आठवतो तो विचार. देवीचा कोप असता तर मी हात जोडले असते. वारं असतं तर वाऱ्याला कोण काय बोलणार. पण हे लिहिलेलं होतं, छापलेलं होतं, आणि तरी पोती भरभरून तोच तांदूळ चढवला जात होता, कारण तो साठवायला सोपा आणि त्याला कीड लवकर लागत नाही.

*

दवाखान्यात चौदा खाटा होत्या. पहाटे घंटा व्हायची. प्रार्थनेला बसलंच पाहिजे असं नव्हतं, पण पेज प्रार्थनेनंतरच यायची. पेजेत कोंडा घातलेला असे. मग तेल लावून हातपाय चोळायचे. मनगटं वर राहावीत म्हणून बांबूच्या कांबी घालून हात बांधलेले असत. दोन्ही हात असे पुढे धरून मी बसलो की कुणाला तरी थांब म्हणतो आहे असं दिसे.

दवाखान्याच्या मागे गुरांचा जुना गोठा होता. त्याला चुना लावून एक खोली केली होती. तिला सगळे कामखोली म्हणत. ती अमेरिकेहून आलेल्या एका मिसबाईची. उंच, हाडकुळी, उन्हाने नाक सोललेलं. महायुद्धात जखमी झालेल्या शिपायांना परत हातपाय चालवायला लावण्याचं काम तिने केलं होतं. तिचं मराठी पुस्तकातलं होतं आणि ती कुत्र्यालाही आपण म्हणायची.

पहिल्या दिवशी तिने माझ्या पुढ्यात पिंजलेला कापूस ठेवला. वाती वळा म्हणाली.

"हे बायकांचं काम आहे."

"बरं. आपण कोणतं काम करत होता?"

"दोर सांधायचो."

ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी काथ्याच्या सुंभाची गुंडाळी घेऊन आली आणि माझ्या मांडीवर टाकली. तीन आठवडे ती गुंडाळी माझ्या मांडीवर होती. अंगठा आणि बोट यांच्यात सुंभ राहीना. निसटला की मी मिसबाईकडे बघायचो, आणि ती हात पाठीशी धरून उभी राहायची.

"उचलून द्या ना," मी म्हणायचो.

"आपण दातांनी उचला."

या बाईचा मी मनापासून द्वेष केला. घरी तीन महिने ज्यांनी मला घास भरवले त्यांच्यावर माझा जीव होता, आणि त्यांच्यामुळे माझी बोटं आखडली. हिने मला पाण्याचा पेलाही दिला नाही. एकदा पेला सांडून मी दुपारभर तहानलेला बसलो, तेव्हा ती समोर बसून होती. संध्याकाळी मी दोन मनगटांमध्ये पेला दाबून तोंडाला लावला. अर्धा अंगावर, अर्धा पोटात. ती म्हणाली, "उत्तम." मी तिला कोळी भाषेत जे बोललो ते तिला कळलं नाही, असं मी धरून चालतो.

पाच महिन्यांनी कांबी सुटल्या. डावं मनगट आधी उचललं गेलं, उजवं महिनाभराने. पहिला सांधा घालायला एक अख्खी सकाळ गेली आणि तो इतका वाईट झाला की सारंगाने समुद्रात फेकला असता.

*

त्याच सुमारास मी नळी उघडून मिसबाईला दिली. आता हात येताहेत तर पुन्हा बोटीवर जावं असं मनात होतं, आणि कागदावर काय आहे ते बघायचं होतं. तिने वाचला आणि घडी घातली.

"हा कागद वाचण्यासारखा नाही."

"वाचा."

"आपण दुःखी व्हाल."

"मिसबाई, वाचा."

तिने वाचलं. हा मनुष्य आजाराचं सोंग करतो, आळशी आहे, याला पुन्हा कामावर घेऊ नये. खाली बोटीवरच्या त्या डॉक्टरची सही.

वर्षभर मी तो कागद गळ्यात घालून फिरत होतो. झोपताना उशाला ठेवत होतो. आई त्याला हळदकुंकू लावायची, कारण तो मुलाच्या नोकरीचा होता.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी कंपनीला पत्र लिहिलं, रोगाचं नाव घालून. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. तो डॉक्टर आता कंपनीच्या नोकरीत नाही आणि प्रकरण बंद झालं आहे. खोटं का होईना, पण वाईट वाटलं एवढं तरी कुणीतरी मला लिहायला हवं होतं. नळीतला कागद मी डॉक्टरांच्या चुलीत घातला. नळी ठेवून घेतली असती तर त्या रागाने मी जळत राहिलो असतो. तसाही जळतो, पण निदान हात मोकळे आहेत.

*

माझ्या शेजारच्या खाटेवर दाऊदभाई आले. मुरूडच्या बाजारातले शिंपी, साठीचे, पाच वेळा नमाज पढणारे. पक्षाघाताने उजवं अंग गेलं होतं आणि वाचा गेली होती. एकच शब्द उरला होता: हरामखोर. उभ्या जन्मात त्यांनी तो कुणाला म्हटला नव्हता, असं त्यांची बायको रडत रडत सांगायची. आता भूक लागली तरी हरामखोर, पाणी हवं तरी हरामखोर, डॉक्टरांना सलाम करतानाही तेच. शब्द बाहेर पडला की ते स्वतःच डोळे मिटून घ्यायचे.

मिसबाईने त्यांना भोकं पाडलेली फळी आणि लाकडी खुंट्या दिल्या. खुंटी भोकात घालायची, काढायची. दाऊदभाईंनी फळी डाव्या हाताने खाली ढकलली. शब्द तोच, पण या वेळी तो त्यांना हवा होता तोच होता.

मी तेव्हा शिडाच्या कापडाची पिशवी शिवायचा सराव करत होतो. टाके वाकडेतिकडे पडत. दाऊदभाई दिवसभर माझ्या हातांकडे बघत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बघायला लागले. चौथ्या दिवशी ते कुशीवर वळले, डाव्या हाताने माझ्या मांडीवरचं कापड खेचलं, "हरामखोर" म्हणाले आणि सगळे टाके उसवायला लागले. कापड सरकत होतं. मी त्यांचा मेलेला उजवा हात उचलून कापडावर वजनासारखा ठेवला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि डाव्या हाताने सुई मागितली.

दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम आणखी वाईट शिवायला लागलो. दोन महिन्यांत दाऊदभाई एका हाताने कापायला लागले. उजवी बोटं थोडी हलायला लागली, तीही कापड निसटू नये म्हणून, कुणी हलव म्हटलं म्हणून हलली नाहीत. बोलणं आलं नाही.

मिसबाईने हे सगळं लांबून बघितलं होतं. ती म्हणाली, "माझ्या देशात हे शिकवायला दोन वर्षं लागतात. आपण कुठे शिकलात?"

"कुठे नाही. पहिले चार दिवस मला खरंच शिवता येत नव्हतं."

*

मला हेच काम करायचं आहे, असं मी तिला सांगितलं. तिने परदेशातल्या शाळांना पत्रं लिहिली. उत्तरं आली की तिथे फक्त मुली घेतात, इंग्रजी हवं, आणि प्रकृती निकोप हवी. निकोप. जो कधी पडला नाही त्यालाच पडलेल्याला उठवायला शिकवणार.

मग ती म्हणाली, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात जा. तिने चिठ्ठी दिली आणि या कामाचं नाव, दोन लांबलचक इंग्रजी शब्द, माझ्याकडून घोकून घेतले. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांसमोर मी ते म्हटले. पहिला शब्द होईपर्यंतच ते हसले.

"म्हणजे टोपल्या विणायला शिकवतोस?"

"नाही साहेब. ज्याला जे येत होतं ते परत करायला लावतो."

"आमच्याकडे रोगी आराम करतात. कामाला हमाल आहेत. हमाल म्हणून राहतोस का?"

मी राहिलो. मागच्या दाराने का होईना, आत शिरायचं होतं. खाटा ढकलल्या, घाण उपसली. आणि दुपारी वॉर्डात सामसूम झाली की एका गिरणी कामगाराच्या खाटेवर सूत घेऊन बसायचो. त्याचा हात मोडून जुळला होता, पण बोटं लाकडासारखी झाली होती. पंधरा दिवसांत त्याला तुटलेल्या धाग्याची गाठ मारता यायला लागली. तेवढ्यात त्याचा भाऊ भेटायला आला आणि त्याने आरडाओरडा केला. आजारी माणसाला राबवून घेतात म्हणाला. साहेबांनी मला बोलावलंही नाही, निरोप पाठवला. मी पेटी उचलून निघालो तेव्हा त्या वॉर्डात ओळीने हात चादरींवर पडलेले होते, धुतलेले, पुसलेले, आणि दिवसेंदिवस आखडत चाललेले. मला त्या ओळीतून ओरडत जावंसं वाटलं. मी ओरडलो नाही. अजून वाटतं, ओरडायला हवं होतं.

*

परत आलो तर दवाखान्याचे दिवस फिरले होते. अमेरिकेतच मंदी आली आणि मिशनकडून येणारी मदत आटली. काहीतरी बंद करणं भाग होतं. सर्वांत आधी कामखोली बंद झाली. औषधं ठेवली, प्रार्थना ठेवली, खाटा ठेवल्या. मिसबाईला परत बोलावलं. जाताना ती खाडीवर होडीत चढत होती, तिचा पाय घसरला, आणि मी हात दिला नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच चढली. आम्ही दोघेही हसलो. तेवढं एकदाच मी तिच्याबरोबर हसलो.

मी घरी येऊन चंद्राला सांगितलं की मी गावोगाव फिरून हे काम करणार. ती मासे खारवत होती. तिने मान वर केली नाही.

"लोकांना चमचा धरायला शिकवनार तुमी."

"हो."

"चार वरसं मी पाटी वाहते हाय. तुमी बोटीवर गेलात, मी वाहिली. तुमी पडलात, मी वाहिली. तुमी बरे झालात, मुंबईला गेलात, मी वाहिली. तुमच्या हातांना काम देयाला अमेरिकेची बाई आली. माझ्या हातांना कोन इचारते? त्यांना काम भरपूर हाय."

मी काहीतरी बोलायला गेलो. ती पुढे म्हणाली, "बरे होऊन दीड वरीस झाला. अजून तुमच्या अंघोळीचा पानी मी काढते. दुसऱ्याच्या घरात जाऊन 'सोता कर' सांगनार, व्हय?"

हे वाचणाऱ्या आजाऱ्याला मी एवढंच सांगतो की आजाराची सवय लागते. मला लागली होती. हात चालत असताना मी तिला माझं पाणी काढू देत होतो, कारण ती काढत होती आणि मला बरं वाटत होतं. दुसऱ्यांवर रागवायला मी फार हुशार. ही खोड माझी मला दिसली नव्हती, तिने दाखवली. त्या दिवसापासून घरातलं पाणी मी भरतो. विहिरीवर बायका हसल्या. अजून हसतात.

चंद्राची समजूत मी काढली असं म्हणणार नाही. ती म्हणाली, करून बघा, आणि खारवलेल्या माशांवर फळी दाबली.

*

तेव्हापासून मी फिरतो. मुरूड, रेवदंडा, आगरदांड्याहून होडीने दिघी, कधी मांडव्यापर्यंत. झोळीत सुंभ, जुनं कापड, सुया, बांबूच्या कांबी, चिंध्या. पळीच्या दांड्याला चिंध्या गुंडाळून तो जाड करतो, म्हणजे न मिटणाऱ्या मुठीत बसतो. विळी भिंतीला टेकवून बांधतो. आगऱ्याच्या घरी मिठागराचं काम काढतो, कोळ्याच्या घरी जाळ्याचं. कुणी तांदूळ देतं, कुणी मासळी, कुणी दारातूनच परत पाठवतं. माझ्या धंद्याला आमच्या भाषेत अजून नाव नाही. दिघीला मला हातवाला म्हणतात, ते मला चालतं.

बोटींवर अजून पांढराच भात मिळतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच वाडीतला एक खलाशी लोंबते पाय घेऊन उतरला. मी त्याच्या घरी गेलो, त्याला उकिडवं बसवलं, आणि तो उठू शकला नाही तेव्हा मला बाहेर अंगणात जाऊन उभं राहावं लागलं. पुस्तकात आहे. अजूनही आहे.

पण जास्त राग कुणाचा येतो म्हणाल तर मायेच्या माणसांचा. प्रत्येक घरात मला तेच ऐकायला मिळतं. त्यांना त्रास देऊ नका. आम्ही आहोत ना करायला. मी सांगतो, तुम्ही आहात हेच त्यांचं दुखणं आहे. मग लोक मला उद्धट म्हणतात.

गेल्या महिन्यात दिघीला एका म्हाताऱ्या तांडेलाकडे गेलो होतो. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. या माणसाने चाळीस वर्षं मचवा हाकला होता. आता डावं अंग गेलेलं, दोन वर्षं घराच्या कोपऱ्यात. सून फार चांगली. त्याला अंघोळ घाली, बंडी घाली, गुंड्या लावी, केस विंचरी. त्याच्या तोंडावर बसलेली माशीसुद्धा तीच हाकलायची.

मी बंडी त्याच्या मांडीवर ठेवली आणि समोर बसलो. बाही सापडायलाच दोन घटका गेल्या. मग गुंड्या. तो एका हाताने काजात गुंडी ढकलायचा, ती निसटायची. सून दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. तिचा नवरा दोनदा येऊन म्हणाला की आता पुरे. मी हललो नाही. उन्हं अंगणातून ओट्यावर आली. म्हाताऱ्याच्या कपाळावरून घाम गळत होता आणि तो मला शिव्या देत होता. त्या शिव्या मला ओळखीच्या होत्या.

चार गुंड्या लागल्या. सगळ्या एक एक घर चुकलेल्या. गळ्याशी एक काज रिकामं, खाली एक गुंडी उरलेली, बंडी एका खांद्यावर वर चढलेली. तो भिंत धरून उठला आणि ओट्यावर जाऊन बसला, रस्त्याच्या तोंडावर, जिथे तो दोन वर्षांत बसला नव्हता. बाजारातून येणारी माणसं थांबून बघायला लागली.

सून धावत बाहेर गेली आणि वाकून त्याच्या गळ्याशी हात घातला. मी ओरडायला तोंड उघडलं, पण त्याआधीच त्याने तिचा हात धरला.

"राहू दे, बाय," तो म्हणाला. "मी लावल्यात."